निळा लुडविग आणि एक पांढरी रेघ

जाहिरातीत पाच फोटो होते आणि पाचही समोरून काढलेले. निळा चमचमता ड्रमसेट, मागे तपकिरी लाकडी भिंत, खाली जुना गालिचा. मजकूर एवढाच: ‘लुडविग सुपर क्लासिक, १९६४, ब्लू स्पार्कल, सगळं ओरिजिनल, कुठलीही जादा भोकं नाहीत, एकाच मालकाचा.’ किंमत ३,२०० डॉलर. भाच्याने रात्री अकरा वाजता फोन केला. “मामा, बॅज बघ. कीस्टोन आहे. उद्या सकाळी जाऊन पैसे देऊ का?”

मी त्याला म्हटलं, कीस्टोन हा लुडविगचा साठच्या दशकातला बॅज खरा, पण बॅज दोन इंचांचा पत्रा आहे, ड्रम त्याच्या मागे असतो. पैसे दे, पण आधी हेडं, म्हणजे ड्रमची ताणलेली पानं, काढून आत बघू.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. नोकरी वेगळीच, पण गेली पंधराएक वर्षं जुने ड्रम दुरुस्त करायचा नाद आहे. गणपतीत भाचा पथकात ताशा वाजवतो आणि बाकी वर्षभर एका बँडमध्ये ड्रम. त्याला जुना सेट हवा होता, तो काचेच्या कपाटात ठेवायला नव्हे, वाजवायला. ही गोष्ट सुरुवातीलाच ठरलेली असली तर बरं, कारण संग्राहकाचा हिशेब आणि वाजवणाऱ्याचा हिशेब एकाच वस्तूला वेगवेगळे भाव देतात.

लुडविग इथलेच, हे सांगायला हवं. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग भावांनी १९०९ मध्ये शिकागोत कंपनी काढली. पुढे ती कॉन कंपनीला विकली गेली. विल्यम लुडविग तिथून बाहेर पडले आणि १९३७ मध्ये त्यांनी डब्ल्यूएफएल या आपल्या आद्याक्षरांनी नवा कारखाना उभा केला. स्वतःचं आडनाव ड्रमवर परत लावायला त्यांना १९५५ पर्यंत थांबावं लागलं, तेही नावाचे हक्क विकत घेऊन. साठच्या दशकातले ड्रम उत्तर डेमन अॅव्हेन्यूवरच्या कारखान्यातून निघाले. त्यामुळे या भागातल्या तळघरांत, गॅरेजांत, माळ्यांवर लुडविग सापडतो तो पुण्यातल्या जुन्या घरांत तंबोरा सापडावा तसा.

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा वाजवले. सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी ते पाहिलं, आणि त्यांचा ड्रमर रिंगो याच्या बेस ड्रमच्या पानावर बँडच्या नावाच्या वर ‘लुडविग’ लिहिलेलं होतं. पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. तेव्हापासून १९६४ हा आकडा जाहिरातीत आला की किंमत आपोआप चढते. म्हणूनच त्या आकड्याकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघतो.

सुपर क्लासिक म्हणजे बेस ड्रम २२ इंच व्यासाचा आणि १४ इंच खोल, त्याच्यावर बसवलेला छोटा ड्रम म्हणजे वरचा टॉम १३ बाय ९, पायांवर जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम १६ बाय १६, आणि जोडीला बहुतेकदा धातूचा सुप्राफॉनिक स्नेअर, म्हणजे खालून तारा लावलेला ड्रम. फोटोंतली मापं जुळत होती. प्रत्येक हेडच्या ताणासाठी वेगवेगळे लग, म्हणजे ताणाचे स्क्रू धरणारे धातूचे तुकडे, होते, मधोमध दोन्ही हेडांना मिळून एकच लग नव्हता, म्हणजे लुडविगचाच स्वस्तातला क्लब डेट नव्हे. घरबसल्या एवढंच कळतं.

विकणाऱ्या बाईंना मी लिहिलं की हेडं काढून आतले फोटो पाठवाल का. त्यांचं उत्तर आलं, “ते कसं काढतात मला माहीत नाही. ड्रम वडिलांचे आहेत. तुम्ही येऊन काढा, फक्त परत बसवून जा.” इतकं सरळ उत्तर आलं की मला जरा हायसं वाटतं. ज्याला लपवायचं असतं तो हेड काढू देत नाही. तो ‘आवाज ऐका ना’ म्हणतो.

शनिवारी सकाळी निघालो. बरोबर दोन ड्रमच्या चाव्या, टॉर्च, शिंप्याची टेप, फ्रिजवरचा एक चुंबक, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि १३ व १६ इंचांची एकेक नवी हेडं. भाच्याला गाडीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जे स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतं त्याची साक्ष शेवटी घ्यायची. बॅज, लग, हेड दाबून धरणारे हूप, स्टँड, पाय, हे सगळं आज बाजारात सुटं मिळतं, नवी नक्कलसुद्धा मिळते. लाकडातलं भोक, प्लायचा सांधा, आतला रंग आणि हेड जिच्यावर टेकतं त्या कडेची गोलाई यांना मात्र खोटं बोलणं फार अवघड जातं.

तळघर

पायऱ्या उतरतानाच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. तळघराचा वास हा तपासणीचा पहिला भाग आहे, कारण त्या काळातले लुडविगचे शेल, म्हणजे ड्रमचे गोल लाकडी सांगाडे, तीन थरांच्या प्लायचे. वर-खाली पातळ थर, मध्ये पॉप्लरचा जाड गाभा आणि दोन्ही तोंडांशी आतून मेपलची एकेक मजबुतीची कडी. ओल धरली की आधी त्या कड्या सुटतात, मग थर.

बाई साठीच्या आतल्या असाव्यात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तरुणपणी ते लग्नांत आणि क्लबांत वाजवायचे, दिवसा छापखान्यात नोकरी. “टीव्हीवर बीटल्स बघितले आणि दुसऱ्या दिवशी ड्रम घ्यायला गेले,” त्या म्हणाल्या. जाहिरातीतलं १९६४ असं आलं होतं, घरातल्या सांगण्यातून. सेट अनेक वर्षं वरच्या खोलीत खिडकीपाशी मांडलेला असायचा, आई गेल्यावर खाली आणला. खिडकीची ही गोष्ट त्यांनी सहज सांगितली, पण दिवसभरात तीच सगळ्यात उपयोगाची ठरली.

बेस ड्रम

सगळ्यांत मोठा म्हणून त्याच्यापासून सुरुवात. पुढचं हेड काढलं. टॉर्च आत घातला तर पांढुरका रंग आणि त्यावर करडे बारीक ठिपके, अगदी शिंतोडे उडवल्यासारखे. साठच्या दशकाच्या मध्यातल्या लुडविगचा हाच आतला रंग. आणि त्या रंगावर लाल शाईचा शिक्का, थोडा वाकडा आणि अर्धवट फिकट झालेला. मे १९६५.

भाचा हिरमुसला. मी मात्र खूश झालो. कारखान्याचा तारखेचा शिक्का मिळणं म्हणजे जन्मदाखला मिळण्यासारखं, तो प्रत्येक ड्रमवर असतोच असं नाही. शिवाय टीव्हीवर बघून हरखलेल्या पोराला ड्रमचे पैसे जमवायला वर्ष लागलं असणार हे पटण्यासारखं आहे. त्या वयात ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे पंधरा-सोळा महिन्यांनंतरसुद्धा असू शकतं.

बॅजवरचा अनुक्रमांक दोन लाखांच्या पलीकडचा होता, तारखेशी ढोबळ जुळणारा. ढोबळच म्हणायचं. लुडविगने १९६३ च्या अखेरीस बॅजवर आकडे घालायला सुरुवात केली, पण कारागीर डब्यातून हाताला येईल तो बॅज उचलून बसवायचे. एका सेटमधल्या तीन ड्रमचे आकडे एकामागोमाग असतील ही अपेक्षाच चुकीची. असे आकडे जुळून आले तर उलट मला शंका येते. बॅज हवेच्या भोकातल्या धातूच्या नळीने बसवलेला असतो. ती नळी आतल्या बाजूला जिथे पसरलेली असते तिथे आरसा धरून पाहिलं. ठोकल्याचे ताजे ओरखडे नव्हते, आणि नळीभोवतीचा रंगही फुटलेला नव्हता. बॅज जागचा हललेला नव्हता.

मग वर पाहिलं, म्हणजे आतून छताकडे. तिथे टॉम ज्यावर बसतो ती रेल धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू होते आणि त्यांच्या बाजूला पाच गोल डाग. एक मोठा, रुपयाच्या नाण्याएवढा, चार लहान. कोऱ्या लाकडाचे. ठिपक्यांचा रंग त्यांच्यावर नव्हता.

“जादा भोकं नाहीत” या वाक्याचा तिथेच निकाल लागला. कोणीतरी रेल काढून दोन टॉमचा जाड दांड्याचा होल्डर बसवला होता, नंतर तो काढून भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि रेल परत लावली. बाहेरून दोन भोकं रेलच्या पट्टीखाली गेली होती आणि उरलेल्यांवर निळ्या चकाकीची लांबी भरली होती. काम वाईट नव्हतं. फोटोत ते कधीच दिसलं नसतं, पण बोटाच्या टोकाला लागलं. रॅप, म्हणजे ड्रमवर चिकटवलेला रंगीत प्लास्टिकचा पापुद्रा, गुळगुळीत असतो, लांबी किंचित खरबरीत.

बाईंना विचारलं, कधी दोन छोटे ड्रम होते का वर? त्या थोडा वेळ थांबल्या. “होते वाटतं. मी शाळेत होते तेव्हा. एक नंतर चुलतभावाला दिला.” त्या खोटं बोलल्या नव्हत्या. ‘जादा भोकं नाहीत’ हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी जाहिरातीतून उचललं होतं, भोकं कशाला म्हणतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

बाकी बेस ड्रम चांगला. ड्रम सरकू नये म्हणून लावलेले, आत ढकलता येणारे मूळ स्पर होते, सत्तरच्या दशकातले वाकडे नव्हेत. हूपमधली निळी पट्टी पेडल चिमटतं तिथे उडालेली होती, ती प्रत्येकाचीच उडते. टेपने चार दिशांनी व्यास मोजला तर फरक इंचाच्या सोळाव्या भागाएवढा. मजबुतीची कडी बोटाच्या पेराने ठोकत गेलो. एका ठिकाणी ‘टक’ऐवजी ‘फट’ आवाज आला. तिथे चारेक इंच कडी सुटली होती. ती तळघराची कमाई.

वरचा टॉम

याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही आणि हीच त्याची तारीफ. आत तोच ठिपक्यांचा रंग, शिक्का जून १९६५, आवाज दाबणारा आतला मफलर जागेवर, भोकं सगळी कारखान्याची. नवं १३ इंची हेड घालून पाहिलं, जरा घट्ट बसलं पण कुठे अडलं नाही. त्या काळातले शेल, वरून रॅप, त्यामुळे हेड सैल बसत नाही. घट्ट चालतं. अडकून एका बाजूला कललं तर समजायचं की शेलची गोलाई गेली.

इथे जरा आडवाटेला जातो. काही वर्षांपूर्वी मुंबईत एका ओळखीच्या घरी जुना ब्रिटिश प्रीमियरचा सेट पाहिला होता. क्रोम आरशासारखं, शेल ठणठणीत, आणि घरच्यांना कळेना की नवीन हेड बसत का नाही. त्यांनी दोन वेळा हेडं परत केली होती, दुकानदाराला बोल लावले होते. प्रीमियरचे १९६८ च्या आधीचे अनेक ड्रम आजच्या मापापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचे आहेत. त्यांना वेगळ्या जुन्या मापाचं हेड मागवावं लागतं, नेहमीचं हेड शेलवरून खाली उतरतच नाही. सेटमध्ये दोष काहीच नव्हता. पण घेणाऱ्याला हे आधी माहीत नसेल तर स्वस्तात मिळालेला सेट नंतर हेडांच्या शोधात महाग पडतो. म्हणून नवं हेड बरोबर नेण्याची माझी सवय तेव्हापासूनची.

टॉम वर नेऊन बाईंच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उलटा ठेवला, खिडकीचा पडदा ओढला आणि आत टॉर्च लावला. कडेखालून कुठे उजेड सांडतो ते बघायचं. दोन ठिकाणी केसाएवढी रेघ दिसली, बाकी अंधार. कड मूळची, गोलसर. कितीतरी जणांना हे माहीत नसतं की साठच्या लुडविगची कड धारदार नसतेच. ती बोथट असल्यामुळेच तो उबदार, थोडा दबका आवाज येतो. कोणीतरी हौसेने ४५ अंशांत धार काढून ‘सुधारलेला’ ड्रम मी पाहिला की माझं डोकं उठतं. नवी धार ओळखायला सोपी, तिथलं लाकूड ताजं आणि फिकं असतं.

फ्लोअर टॉम

भाचा तोवर फ्लोअर टॉमभोवती फिरत होता. “मामा, हा सगळ्यात चकाचक आहे.”

त्याच्या तोंडून हे निघालं आणि मी बाकीचे दोन ड्रम त्याच्या शेजारी ओढून आणले. बेस ड्रम आणि वरचा टॉम, दोघांच्याही एका अंगाला निळा रंग हिरवट झाला होता, पिकत आलेल्या पानाला सुटतो तसा. ब्लू स्पार्कलच्या वरचा पारदर्शक थर उन्हाने पिवळा पडतो आणि निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवट. लगच्या खाली, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे मूळचा गर्द निळा तसाच होता. दोन्ही ड्रम मांडणीप्रमाणे ठेवले की हिरवटपणा एकाच बाजूला येत होता. खिडकीच्या बाजूला.

फ्लोअर टॉमला हिरवट काहीच नव्हतं. सगळीकडून सारखा निळा, लगखाली आणि लगबाहेरही. एवढी वर्षं त्याच खिडकीत उभा राहून ऊन त्याला लागलंच नाही?

खालचं हेड काढलं. आत ठिपके नाहीत, रंगच नाही. स्वच्छ मेपल, वर लॅकर, मधासारखा पिवळसर. कोणी रंग घासून काढला असेल का? आरसा घेऊन कडी आणि शेलच्या मधल्या खाचेत पाहिलं. घासणाऱ्याचा कागद तिथे पोचत नाही, रंगाचा कण तरी राहतोच. एकही कण नव्हता. लुडविगने १९६८ च्या सुमारास आतला रंग सोडून लाकडावर नुसता लॅकर द्यायला सुरुवात केली. कीस्टोन बॅज मात्र दशक संपेपर्यंत चालला, त्यानंतर निळा-ऑलिव्ह टोकदार बॅज आला. म्हणजे कीस्टोन बॅज आणि स्वच्छ लाकूड एकत्र असेल तर ड्रम १९६८-६९ चा. अनुक्रमांकही सहा लाखांच्या पुढचा निघाला. बॅज खरा होता. फक्त तो या सेटच्या जन्मानंतरचा होता.

आता रंग. त्या काळी कारखान्यात शेल घडवतानाच रॅप लागायचा आणि त्याचं एक टोक शेलच्या बाहेरच्या थराच्या सांध्यात आत शिरलेलं असायचं. त्यामुळे मूळचा रॅप पूर्ण उपटून काढताच येत नाही, टोकाचा तुकडा लाकडात राहतो. इथे बाहेरून पाहिलं तर रॅपची दोन टोकं नुसती एकावर एक चढवून चिकटवलेली, नखाला उंचवटा लागत होता. मी ड्रम आडवा केला आणि कडेवर, सांध्याच्या जागी टॉर्च जवळ धरला.

लाकडाच्या दोन थरांमध्ये एक रेघ होती. केसाहून जाड, काडीहून बारीक. पांढरी, आणि टॉर्च हलवला की मोत्यासारखी चमकणारी.

भाचा वाकून बघत होता. “हे काय?”

“हा पांढरा होता,” मी म्हटलं. “व्हाइट मरीन पर्ल. कोणीतरी तो रॅप कापून काढला आणि वर निळा चढवला. हे शेपूट राहिलंय.”

वरून कीर्तन, आतून तमाशा, असं आपल्याकडे म्हणतात. पण इथे तमाशाही तसा सोज्वळच होता. लबाडीने केलेलं काम असतं तर बॅजही जुन्या आकड्याचा शोधून लावला असता, आतून ठिपके मारले असते. हे कोणीतरी आपला सेट एका रंगाचा दिसावा म्हणून केलं होतं, विकण्यासाठी नव्हे.

स्नेअर

सुप्राफॉनिक हा सेटमधला सगळ्यात वादातीत भाग. दहा लग, म्हणजे आठ लगांचा आणि क्रोम नसलेला अॅक्रोलाइट नव्हे. शेलला चुंबक चिकटला नाही, म्हणजे पोलादी नव्हे. वजनाने हलका, म्हणजे अॅल्युमिनियम. सुरुवातीच्या काही सुप्राफॉनिकचं शेल पितळेचं होतं आणि प्रत्येक विकणाऱ्याला आपला तोच वाटतो, पण पितळ हातात घेतलं की मनगटाला कळतं. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट टिकत नाही, बारीक पुटकुळ्या येतात आणि मग खवले निघतात. इथे खालच्या तारा ताणणाऱ्या स्ट्रेनरच्या भोवती तळहाताएवढ्या जागेत पुटकुळ्या होत्या, बाकी आरसा. स्ट्रेनर त्याच काळातला, पी-८३. खालच्या तारा नव्या, पण तारा बदलतातच, त्यावरून भाव पाडणं म्हणजे जुन्या गाडीचे वायपर नवे आहेत म्हणून कुरकुरणं.

आवाज सगळ्यात शेवटी ऐकला. जुनी, मेलेली हेडं, वाकडा ताण. त्यावरून शेलबद्दल काही ठरवू नये. भाच्याने तरी ताशाच्या सवयीने दोन बोटांनी कडेशी टकटक केली आणि मान डोलावली.

बोलणी

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो तांत्रिक नाही. फ्लोअर टॉम वेगळा आहे हे बाईंना सांगायचं की नुसतं ‘कड्या सुटल्यात, ओल आहे’ म्हणून भाव पाडायचा? सांगितलं नाही तर पुढे काही बिघडत नाही. पण त्यांच्या दृष्टीने हा वडिलांचा सेट होता, आणि वडिलांच्या गोष्टीतला एक तुकडा आमच्याच हातात होता. मी तिन्ही ड्रम शेजारी ठेवून दाखवले. हिरवट बाजू, ठिपके, पांढरी रेघ. त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ ती रेघ बघत राहिल्या.

मग वर जाऊन त्या फोटोंचा पुठ्ठ्याचा डबा घेऊन आल्या. कुठल्यातरी हॉलमधल्या लग्नाचा रंगीत फोटो, रंग लालसर पडलेले. कल्ले वाढवलेला, रुंद कॉलरचा माणूस ड्रमवर. बेस ड्रम निळा, वर दोन टॉम, दोन्ही निळे. उजवीकडे फ्लोअर टॉम पांढरा. “हा मी शंभर वेळा पाहिलाय,” त्या म्हणाल्या. “पांढरा आहे हे कधी दिसलंच नाही.” पहिला फ्लोअर टॉम कुठे गेला हे त्यांना आठवेना. चोरीला गेला, फुटला, विकला, काहीही असेल. वाजवणाऱ्याचा सेट असाच असतो. चाळीस वर्षं कामाला लागलेल्या वस्तूत एकही भाग बदललेला नसेल तर ती बहुधा कामाला लागलीच नव्हती.

भावाचा हिशेब मी मोठ्याने केला, त्यांच्यासमोर. बेस ड्रम आणि वरचा टॉम एकाच जन्माचे, महिन्याच्या अंतराने शिक्के, पण बेस ड्रमला पाच भोकं आणि सुटलेली कडी. स्नेअर एकटासुद्धा कुठेही विकला जाईल. फ्लोअर टॉम त्याच घराण्यातला चांगला ड्रम, पण वेगळ्या वर्षाचा आणि नवा रॅप चढवलेला, म्हणजे संग्राहकाच्या लेखी सेट मोडलेला. ‘सगळं ओरिजिनल’ची किंमत मागता येणार नाही. मी २,१०० म्हटलं. शिवाय हेही सांगितलं की स्नेअर वेगळा विकला तर एकूण थोडे जास्त मिळतील, घाई करू नका.

भाच्याने मला गाडीत बसल्यावर ऐकवलं. “मामा, तू त्यांच्या बाजूने होतास की माझ्या?” दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. सेट फोडायचा नाही, त्यांनी ठरवलं होतं. २,३०० ला व्यवहार झाला.

नंतर

बेस ड्रमची कडी सरस घालून आणि आठ क्लॅम्प लावून रात्रभर दाबून ठेवली. ड्रम दोन महिने आधी कोरड्या खोलीत तसेच उघडे ठेवले होते, ओल असताना चिकटवलं की पुन्हा सुटतं. लगांच्या आतल्या स्प्रिंगांना कापसाची पट्टी दिली, नाहीतर त्या वाजवताना झणझणतात. हेड ताणणारे दोन टेन्शन रॉड वाकलेले होते, बदलले. भोकांना हात लावला नाही. खुंट्या घट्ट आहेत, आवाजात फरक नाही, आणि रेल त्यांच्यावर सुखाने बसलेली आहे. स्नेअरच्या पुटकुळ्या तशाच ठेवल्या. पुन्हा क्रोम चढवायला जुनं क्रोम उतरवावं लागतं आणि त्यात पातळ शेलचं वाटोळं होतं. नवी हेडं घातली, पांढरी, खरखरीत लेपाची. पहिल्याच दिवशी बेस ड्रमचा तो गुबगुबीत ‘धुम्’ निघाला. फ्लोअर टॉम बाकी दोघांपेक्षा जरा उजळ वाजतो. आतला लॅकर की कान भरलेले, मी पैजेवर सांगणार नाही.

बाईंनी त्या लग्नाच्या फोटोची प्रत पाठवली. ती भाच्याने सरावाच्या खोलीत लावली आहे.

फ्लोअर टॉमचा निळा रॅप खालच्या कडेला, एका पायाच्या ब्रॅकेटमागे थोडा सुटला आहे. चिकटवायला पाच मिनिटं लागतील. भाचा मध्येच तिथे नख घालून बघतो. खाली पांढरं काही उरलेलं नाही, नुसतं लाकूड आहे, हे त्याला मी दोनदा सांगितलं आहे. तरी गोंद घेऊन आलो की तो म्हणतो, “राहू दे ना, मामा.”